दोन जहाजे, एक बयाणा
समुद्र सहलीचे बुकिंग करण्यापूर्वी व्यापाऱ्याच्या नजरेने केलेला हिशेब

मुंबईच्या दारूखान्यात जुन्या जहाजाचा सौदा होतो तेव्हा घेणारा पहिला प्रश्न विचारतो, "वजन किती?" जहाज कोणत्या देशाचे होते, त्यावर किती झुंबरे होती, किती साहेब लोक फिरले, याच्याशी त्याला कर्तव्य नसते. लोखंड किती टन निघेल यावर भाव ठरतो. हाच चोख माणूस घरच्यांना घेऊन समुद्र सहलीला निघतो तेव्हा मात्र माहितीपत्रकावरचा निळा समुद्र आणि पोहण्याचा हौद पाहून खिशात हात घालतो. जो प्रश्न तो दुकानात रोज विचारतो, तो इथे विचारायला विसरतो.

आमच्या ओळखीच्या एका घरात गेल्या वर्षी ही वेळ आली. लोखंडाच्या व्यापारातले दोन सख्खे भाऊ, दोघांच्या बायका, तीन मुले आणि म्हातारी आई अशी आठ माणसे. वडील ऐंशीच्या दशकात जहाजाने हजला गेले होते. तेव्हा मुंबईहून जेद्द्याला जहाजे जात असत; हा समुद्रमार्ग १९९५ साली बंद झाला. त्या दिवशी गोदीवर नवऱ्याला निरोप देऊन परतलेली ही बाई पुढे कधी जहाजात बसली नाही. "एकदा मलाही पाण्यावरून नेऊन आणा," एवढीच तिची मागणी होती. त्यासाठी दोघे भाऊ चार वर्षे महिन्याकाठी थोडी थोडी रक्कम बाजूला काढत होते.

रक्कम जमली आणि वाद सुरू झाला. थोरल्याने मुंबईहून सुटणाऱ्या 'कॉर्डेलिया एम्प्रेस' या जहाजाचे पत्रक आणले. धाकट्याने सिंगापूरच्या 'गेंटिंग ड्रीम'चे आणले. दोन्ही पत्रके गल्ल्यावर शेजारी शेजारी ठेवली गेली. धाकटा म्हणाला, "भाई, भाडे बघा, सिंगापूरवाले कमी घेतात आणि जहाज तिप्पट मोठे आहे." थोरला म्हणाला, "आणि सिंगापूरपर्यंत पोहत जाणार का?"

हा वाद आज अनेक घरांत होतो. हातात पैसा आला आहे, मुलांनी मोबाईलवर जहाजांची चित्रे पाहिली आहेत आणि एजंट दुकानात येऊन बसतात. म्हणून या दोन जहाजांचा दाखला घेऊन तुलना कशी करावी ते येथे मांडत आहोत. वाचकांनी जहाज कोणतेही निवडावे. हिशेबाची रीत तीच राहते.

टन म्हणजे वजन नव्हे

पत्रकावर पहिला मोठा आकडा टनांचा असतो. कॉर्डेलिया एम्प्रेस ४८,५६३ टन, गेंटिंग ड्रीम १,५०,६९५ टन. लोखंडवाल्या थोरल्या भावाने लगेच विचारले, "एवढे लोखंड?" नाही. भंगारवाला ज्या टनावर भाव करतो ते जहाजाचे खरे वजन असते आणि धंद्यात त्याला एलडीटी म्हणतात. पत्रकावरचा टन हा 'ग्रॉस टनेज' असतो. ते वजन नसून जहाजाच्या आतील बंदिस्त जागेचे माप आहे. १९६९ सालच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार हे माप काढतात. गोदाम किती पोत्यांचे आहे असे आपण म्हणतो, तसाच हा प्रकार.

म्हणून नुसता टनाचा आकडा पाहून जहाज मोठे की छोटे एवढेच कळते. आपल्या वाट्याला किती जागा येते हे कळण्यासाठी त्याला प्रवाशांच्या संख्येने भागावे लागते. एका खोलीत दोन माणसे या हिशेबाने एम्प्रेसवर सुमारे १,६०० प्रवासी राहतात, गेंटिंग ड्रीमवर ३,३५२. भागाकार केला तर एम्प्रेसवर माणशी साधारण ३० टन जागा येते आणि गेंटिंग ड्रीमवर साधारण ४५. म्हणजे धाकट्याचे 'तिप्पट मोठे' हे बोलणे जहाजापुरते खरे, पण प्रवाशाच्या वाट्याला येणारी जागा तिप्पट नसून दीडपट आहे.

यातही एक मेख आहे. सुटीच्या दिवसांत एका खोलीत तिसरी आणि चौथी खाट उघडली जाते. मग माणसे वाढतात, जागा तेवढीच राहते. दिवाळी, नाताळ आणि मे महिन्यात कोणतेही जहाज पत्रकातल्या चित्राइतके मोकळे नसते. जेवणाच्या रांगेत उभे राहिल्यावर हे ध्यानात येते.

वय विचारा, पण वयावरच थांबू नका

एम्प्रेस हे जहाज फ्रान्समधील सँ-नाझेर येथे बांधले गेले आणि १९९० साली 'नॉर्डिक एम्प्रेस' या नावाने रॉयल कॅरिबियन कंपनीसाठी पाण्यावर आले. पुढे 'एम्प्रेस ऑफ द सीज' झाले, काही वर्षे एका स्पॅनिश कंपनीकडे गेले, परत आले आणि २०२१ पासून कॉर्डेलियाच्या नावाने मुंबईहून फिरू लागले. गेंटिंग ड्रीम जर्मनीतील मायर वेर्फ्ट कारखान्यात बांधलेले, २०१६ सालचे. दोघांच्या वयात सव्वीस वर्षांचे अंतर आहे.

या अंतराचा प्रवाशाला काय फरक पडतो? सर्वांत मोठा फरक खोलीचा. १९९० च्या सुमारास जहाजावरची खोली झोपण्यापुरती समजली जाई. त्यामुळे एम्प्रेसवर खोल्या लहान आणि बाल्कनीच्या खोल्या थोड्या. गेंटिंग ड्रीमवर बहुसंख्य खोल्यांना बाल्कनी आहे. ज्या घरातील बायकांना मोकळ्या डेकवर, गर्दीत आणि गाण्या-बजावण्याच्या शेजारी बसणे आवडत नाही, त्यांना स्वतःच्या बाल्कनीत निवांत समुद्र पाहता येणे ही चैन नसून सोय आहे. खिडकी नसलेली आतली खोली सर्वांत स्वस्त असते हे खरे. पण दोन दिवस समुद्र पाहायला जाऊन भिंत पाहायची असेल तर बचतीचा अर्थ काय, याचाही विचार व्हावा.

मात्र जुने जहाज म्हणजे धोक्याचे जहाज असे समजू नये. प्रवासी जहाजांची ठरावीक मुदतीने तपासणी होते आणि ती पार केल्याशिवाय जहाजाला प्रवासी घेऊन निघता येत नाही. विचारायचे ते एवढेच, की जहाज शेवटचे गोदीत दुरुस्तीला कधी गेले होते आणि खोल्या कधी नव्या केल्या. जुने पण सांभाळलेले यंत्र नव्या पण दुर्लक्षित यंत्रापेक्षा चांगले चालते, हे मालेगावच्या मागवाल्यांना वेगळे सांगायला नको.

सुरक्षेच्या बाबतीत एक गोष्ट दोन्ही जहाजांवर सारखी आहे. जानेवारी २०१२ मध्ये इटलीच्या किनाऱ्याजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' हे जहाज खडकावर आदळून ३२ माणसे गेली. काही प्रवाशांची संकटकाळची कवायत तोवर झालेलीच नव्हती. त्यानंतर नियम कडक झाला. आता जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच ही कवायत प्रत्येक प्रवाशासाठी सक्तीची आहे. ती चुकवू नये. मुलांना आणि म्हाताऱ्यांना आपली जमण्याची जागा प्रत्यक्ष चालत जाऊन दाखवावी.

पत्रकातले भाडे आणि घरापासूनचा खर्च

आता मुख्य मुद्दा. व्यापारी माल घेताना कारखान्याचा भाव पाहत नाही. हमाली, भाडे, जकात, तूट सारे धरून दुकानात येऊन पडणारा भाव पाहतो. सहलीचेही तसेच. भाड्याच्या खाली बारीक अक्षरांत बंदर शुल्क, दर रात्रीचे सेवाशुल्क अथवा बक्षिसी आणि कर लिहिलेले असतात. परदेशी जहाजाला त्यात विमानभाडे, व्हिसा, जहाज चुकू नये म्हणून आदल्या रात्रीचा मुक्काम आणि प्रवासविमा मिळवावा लागतो. विम्याबाबत ज्यांना मसला विचारायचा असेल त्यांनी आपल्या आलिमांना विचारावे. पण परदेशात दवाखान्याचे बिल काय येते आणि जहाजावरच्या डॉक्टरची फी वेगळी द्यावी लागते, हे माहीत असूनच निर्णय घ्यावा.

दोन्ही भावांनी कागदावर मांडलेल्या रीतीने एक नमुना देतो. यातले आकडे केवळ रीत समजावी म्हणून घेतले आहेत, कोणत्याही कंपनीचे दर नव्हेत.

समजा, मुंबईच्या जहाजाचे दोन रात्रींचे भाडे माणशी २०,००० रुपये. बंदर शुल्क, सेवाशुल्क आणि कर मिळून ७,०००. एकूण २७,०००. सिंगापूरच्या जहाजाचे तीन रात्रींचे भाडे १८,०००. शुल्क आणि कर ५,०००, विमान २८,०००, व्हिसा ४,०००, आदल्या रात्रीचा मुक्काम ५,०००, विमा १,०००. एकूण ६१,०००.

पत्रकात सिंगापूर दोन हजारांनी स्वस्त होते. घराच्या उंबऱ्यापासून मोजले तर ते दुपटीहून महाग पडले. रात्रीच्या हिशेबाने भागले तरी एक १३,५०० आणि दुसरे २०,३३३ पडते. आठ माणसांचे, मुलांची सवलत बाजूला ठेवून, एकीकडे २,१६,००० तर दुसरीकडे ४,८८,०००. चार वर्षांची बचत कुठे पुरते आणि कुठे कर्ज काढावे लागते, ते या एका बेरजेत दिसले.

याचा अर्थ सिंगापूरला जाऊ नये असा नाही. ज्याला तसेही मालाच्या खरेदीसाठी सिंगापूरला किंवा क्वालालंपूरला जायचे आहे, त्याचे विमानभाडे धंद्याच्या कामात निघते. त्याला तीन रात्रींचे जहाज खरोखर स्वस्त पडेल. हिशेब प्रत्येकाचा वेगळा असतो आणि म्हणूनच दुसऱ्याने केलेली निवड आपण डोळे मिटून उचलू नये.

परदेशी सहलीच्या पॅकेजवर एजंट टीसीएस घेतो. त्याचा दर वेळोवेळी बदलतो. ही रक्कम बुडत नाही; पॅन बरोबर दिला असेल तर आयकराच्या विवरणात जमा दिसते. एजंटकडून टीसीएसचा दाखला मागून तो आपल्या कर सल्लागाराला द्यावा. पुष्कळ व्यापारी तो मागतच नाहीत आणि हक्काची वजावट सोडून देतात.

जेवणाचा प्रश्न : तोंडी नको, लेखी हवे

आपल्या वाचकांसाठी हा प्रश्न भाड्याइतकाच मोठा आहे. गेंटिंग ड्रीमला इस्लामी देशांच्या मानक संस्थेच्या, म्हणजे ओआयसी-स्मिकच्या, निकषांनुसार हलाल-अनुकूल असल्याचे प्रमाणपत्र मिळाले आहे. ही त्या जहाजाची जमेची बाजू आहे. परंतु प्रमाणपत्र म्हटले की आपण सगळे जहाजच हलाल झाले असे समजतो. तसे नसते. त्याच जहाजावर दारूची दुकाने आणि जुगाराचे टेबलही असतात. प्रमाणपत्र कोणत्या स्वयंपाकघराला आणि कोणत्या भोजनगृहाला लागू आहे, त्याची मुदत केव्हापर्यंत आहे, हे विचारले पाहिजे.

मुंबईच्या जहाजावर शाकाहारी आणि जैन जेवणाची सोय ठळकपणे सांगितली जाते. मांसाबद्दल मात्र एजंटच्या "सब हलाल है, सेठ" या वाक्यावर विसंबू नये. तीन प्रश्न लिहून पाठवावेत. मांस कोणाकडून येते आणि त्यावर कोणाचे प्रमाणपत्र आहे? तळण्याची कढई, सुऱ्या आणि भांडी वेगळी ठेवतात काय? रश्श्यात दारू किंवा गोड पदार्थांत प्राण्यांचे जिलेटिन वापरतात काय? 'डुकराचे मांस नाही' आणि 'हलाल आहे' ही दोन वेगळी वाक्ये आहेत. मांसाचा पुरवठा करणारे कंत्राटदार बदलतात, म्हणून शेजाऱ्याला गेल्या वर्षी मिळालेले उत्तर आपल्याला चालणार नाही. आपल्या तारखेचे उत्तर आपण मागवावे.

दोन्ही जहाजांवर कॅसिनो आणि मद्यगृहे आहेत. हे पत्रकात पाहूनच निघावे, मागाहून तक्रार करू नये. त्यातून वाट काढण्याचा साधा उपाय म्हणजे बुकिंगपूर्वी मजल्यांचा नकाशा मागणे. नाचगाण्याच्या दालनाच्या वर किंवा खाली, कॅसिनोच्या वाटेवर खोली घेऊ नये. त्याच भाड्यात दुसऱ्या टोकाची शांत खोली मिळू शकते, पण ती मागणाऱ्याला मिळते. नमाजासाठी लहानसे होकायंत्र सोबत असावे, कारण जहाज वळते तशी खोलीतली दिशा बदलते.

म्हातारी माणसे, मुले आणि समुद्र

भावांच्या आईचे गुडघे दुखत. म्हणून तिच्यासाठी वेगळे प्रश्न विचारावे लागले. उद्वाहनापासून खोली किती दूर? न्हाणीघराचा उंबरठा किती उंच? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे जहाज धक्क्याला लागते की समुद्रात उभे राहते? मुंबई-गोवा फेरीत जहाज मुरगाव बंदरात धक्क्याला लागते. लक्षद्वीपच्या फेरीत मात्र जहाज खोल पाण्यात थांबते आणि प्रवाशांना लहान बोटींतून बेटावर नेतात. हलत्या बोटीत पाय टाकणे गुडघेदुखीच्या माणसाला जमत नाही. शिवाय समुद्र खवळला तर बोटी सुटतच नाहीत आणि बेट दुरूनच पाहून परतावे लागते.

कोकणातल्या आपल्या खलाशी बांधवांना विचारले तर ते सांगतील, की पोटात ढवळण्याचा त्रास टाळायचा असेल तर जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यावर खोली घ्यावी. वरची आणि टोकाची खोली महाग असली तरी हेलकावे तिथेच जास्त. पावसाळ्यात अरबी समुद्र कसा असतो हे त्यांच्याइतके कोणालाच माहीत नाही. म्हणून मुंबईचे जहाज हिवाळ्यात गाठावे.

बहुतेक कंपन्या सहा महिन्यांखालील मुलांना आणि गर्भारपणाचे साधारण सहा महिने झालेल्या बाईला जहाजावर घेत नाहीत. बुकिंग करताना हे लपवू नये. गोदीवर अडवले तर पैसेही जातात आणि सहलही.

कागदपत्रे

मुंबईहून गोव्याला जाऊन परतणाऱ्या फेरीला पासपोर्ट लागत नाही, आपल्या देशातील ओळखपत्र चालते. सिंगापूरला पासपोर्ट लागतो आणि त्याची किमान सहा महिन्यांची मुदत शिल्लक असावी लागते. जहाज सिंगापूरहून निघून मलेशिया किंवा थायलंडला जाऊन परत सिंगापूरला येते. म्हणजे सिंगापूरमध्ये आपला दोनदा प्रवेश होतो. व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल तर परतताना अडचण येईल. व्हिसाचे नियम बदलत असतात, म्हणून तिकीट काढण्याच्या आठवड्यात पुन्हा खात्री करावी.

आपल्याकडे आणखी एक अडचण नेहमी येते ती नावांची. आधारवर मोहम्मद, पासपोर्टवर मोहमद, एजंटच्या अर्जात नुसते एमडी. एका ठिकाणी शेख आधी, दुसऱ्या ठिकाणी शेवटी. तिकिटावरचे नाव पासपोर्टशी अक्षरशः जुळले पाहिजे. नाव दुरुस्त करायला कंपनी पैसे घेते आणि कधी कधी ते तिकीट रद्द धरते. अर्ज एजंटवर सोडू नये, स्वतः वाचून सही करावी.

बयाणा म्हणजे उधारी

शेवटचा आणि सर्वांत कमी विचारला जाणारा प्रश्न : जहाज चालवणारा कोण आहे आणि तो आपल्या तारखेपर्यंत उभा राहील काय? सहलीचे पैसे आपण महिनोनमहिने आधी भरतो. म्हणजे आपण त्या कंपनीला बिनव्याजी उधार दिलेले असते. नव्या गिऱ्हाईकाला उधार देताना आपण बाजारात दहा जणांना विचारतो. इथे कोणालाच विचारत नाही.

दोन दाखले पुरेत. २०१९ साली मुंबईहून 'कर्णिका' नावाचे जहाज मोठ्या जाहिरातीने सुरू झाले. दुसऱ्याच वर्षी कोरोनाच्या काळात ती कंपनी बंद पडली आणि नोव्हेंबर २०२० मध्ये ते जहाज तोडण्यासाठी गुजरातमधील अलंगच्या किनाऱ्याला लागले. गेंटिंग ड्रीमचेही तसेच. ते पूर्वी 'ड्रीम क्रूझेस' कंपनीचे होते. जानेवारी २०२२ मध्ये तिची मालक कंपनी गेंटिंग हाँगकाँग हिने कारभार गुंडाळण्यासाठी न्यायालयात अर्ज केला. जहाज शाबूत राहिले आणि जून २०२२ पासून ते रिसॉर्ट्स वर्ल्ड क्रूझेस या नव्या कंपनीच्या नावाने सिंगापूरहून फिरू लागले. पण जहाज वाचले म्हणून आधी भरलेले पैसे वाचतात असे नाही. कंपनी बुडते तेव्हा आगाऊ पैसे भरलेला ग्राहक देणेकऱ्यांच्या रांगेत बँकांच्या मागे उभा राहतो.

म्हणून पैसे रोख देऊ नयेत. बँकेतून किंवा कार्डाने द्यावेत, म्हणजे पुरावा राहतो. एजंटच्या पावतीवर समाधान मानू नये. जहाज कंपनीचा बुकिंग क्रमांक घ्यावा आणि तो कंपनीकडे थेट फोन करून तपासावा. रद्द केल्यास किती दिवस आधी किती रक्कम कापली जाते, ते तक्त्यात लिहून घ्यावे. कंपनीने फेरी रद्द केली तर रोख परत मिळते की पुढच्या सहलीची चिठ्ठी मिळते, हे वेगळे विचारावे. चिठ्ठी ही रोकड नव्हे.

मार्ग बदलण्याचा हक्कही बहुतेक कंपन्या स्वतःकडे ठेवतात. जून २०२२ मध्ये कॉर्डेलियाच्या जहाजाला पुदुच्चेरीत थांबण्याची परवानगी मिळाली नाही आणि प्रवाशांना ते गाव न पाहताच पुढे जावे लागले. एखाद्या ठिकाणासाठीच आपण जात असू तर ते ठिकाण हुकले तर काय, हे आधी मनाशी ठरवावे.

फोनचेही ध्यान ठेवावे. भर समुद्रात आपला मोबाईल जहाजाच्या उपग्रह यंत्रणेला आपोआप जोडला जातो आणि त्याचे बिल डोळे पांढरे करते. दुकानातल्या माणसाला आधीच सूचना देऊन फोन विमान स्थितीत ठेवावा. दोन दिवस दुकान आपल्याशिवाय चालू शकते की नाही, याचीही त्यात परीक्षा होऊन जाते.

निर्णय कसा झाला

दोघा भावांनी दोन्ही एजंटांना प्रश्न लिहून पाठवले आणि उत्तरे हाती येईपर्यंत बयाणा दिला नाही. एका एजंटने "सेठ, आज नाही केले तर भाव वाढेल" असे तीन वेळा सांगितले. थोरला म्हणाला, "वाढू द्या. बाजारात घाई घेणाऱ्याला महाग पडते."

मग दोन पत्रके सोडून त्यांनी एका कोऱ्या कागदावर आठ नावे लिहिली आणि प्रत्येकाच्या पुढे त्याला काय हवे ते लिहिले. मुलांना पोहण्याचा हौद हवा होता, तो दोन्हीकडे होता. बायकांना बाल्कनी हवी होती, तिथे सिंगापूर सरस. जेवणाच्या प्रमाणपत्रातही सिंगापूरच सरस. आईच्या नावापुढे तिने स्वतः सांगितले तेच लिहिले : विमान नको, बोटीत चढ-उतार नको आणि मुंबईच्या गोदीवरूनच निघायचे, जिथून अब्बा निघाले होते.

इथे वाद मिटला. मुंबई-गोवा फेरी ठरली. जास्त खोल्या स्वस्तातल्या घेतल्या आणि आईसाठी मात्र समुद्र दिसणारी, मधल्या भागातली, उद्वाहनाजवळची खोली घेतली. जेवणाबद्दल आई म्हणाली, "दोन दिवस मासळी आणि भाजी खाऊ, त्यात काय बिघडते?" धाकट्याचे सिंगापूर पुढे ढकलले गेले, रद्द झाले नाही. त्याला पुढे मालाच्या कामाने तिकडे जायचेच आहे; तेव्हा बायकोमुलांना घेऊन जाईल. त्याचा हिशेब वेगळा कागद घेऊन होईल.

वाचक बंधूंनो, कोणते जहाज चांगले असा प्रश्न एजंटला विचारला तर तो त्याच्या कमिशनचे जहाज दाखवील. आपल्याबरोबर कोण कोण जाणार आहे, त्यांना काय हवे आहे आणि घराचे दार ओढल्यापासून परत येईपर्यंत किती खर्च होणार आहे, हे तीन आकडे-अक्षरांचे रकाने आधी भरावेत. चौथ्या रकान्यात लेखी उत्तरे ठेवावीत. मग जहाजाचे नाव आपोआप समोर येते. घामाचा पैसा आहे. तो पाण्यावर खर्च करायला हरकत नाही, पाण्यात जाऊ नये एवढेच.